गटार वर, घर खाली! डहाणू-तलासरीत सांडपाण्याचं गणित कुठे चुकतंय?

डहाणू/तलासरी : गावात नवा रस्ता झाला, त्याच्या कडेने सिमेंटचं गटार झालं, उद्घाटनाचा नारळही फुटला. पहिला पाऊस पडला आणि गटारातलं पाणी रस्त्याखालच्या घरांच्या मोरीतून वर आलं. असा अनुभव असलेली घरं डहाणू आणि तलासरी तालुक्यात शोधायला फार लांब जावं लागत नाही. चौकातलं घर असो नाहीतर पाड्याच्या टोकाचं, तक्रार एकच असते, ‘गटार बांधलं, पण आमचं पाणी त्यात जातच नाही.’

ही तक्रार ऐकली की ग्रामपंचायतीत उत्तर मिळतं, गटार साफ करून घेऊ. गाळ साचला असेल तर साफसफाईने फरक पडतो. पण घराची मोरीच गटाराच्या तळापेक्षा खाली असेल तर गटार आरशासारखं घासलं तरी पाणी चढणार नाही. दोष पातळीचा आहे, आणि पातळी काम सुरू होण्याआधी कागदावर ठरते. म्हणून या प्रश्नाचा निकाल पावसाळ्यात गटारापाशी भांडून लागत नाही. अंदाजपत्रक तयार होतं तेव्हाच तो लावावा लागतो.

घर खाली गेलं कसं?

घर जागेवरच आहे, वर गेला तो रस्ता. आधी मुरमाचा रस्ता, त्यावर खडी, त्यावर डांबर, काही वर्षांनी पुन्हा डांबर आणि शेवटी काँक्रीट. प्रत्येक वेळी जुना थर न काढता नवा थर चढवला आणि तो नुसता चार इंचांचा धरला, तरी तीन वेळा काम झाल्यावर रस्ता एक फूट वर येतो. त्याच्या कडेचं गटार रस्त्याला धरून बांधलं जातं, म्हणून गटारही वर येतं. घराचं जोतं मात्र वीस वर्षांपूर्वीच्या रस्त्याकडे बघून घातलेलं असतं.

मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या काँक्रिटीकरणात हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. घोडबंदरपासून तलासरी तालुक्यातल्या अच्छाडपर्यंत ‘व्हाइट टॉपिंग’चं काम हाती घेतलं गेलं. व्हाइट टॉपिंग म्हणजे असलेल्या डांबरी रस्त्यावर काँक्रीटचा थर. रस्ता टिकाऊ होतो हे खरं, पण तो उंचही होतो. महामार्गाला लागून असलेली दुकानं, घरं आणि जोडरस्ते तेवढेच खाली राहतात. गावातल्या रस्त्यांनाही हाच नियम लागू आहे, फक्त त्याची मोजदाद कोणी करत नाही.

दुसरं कारण नळाचं. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झालं. त्यात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं माप धरलं आहे. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ६५ ते ७० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं, म्हणजे घरामागे रोज १८० ते २०० लिटर. विहिरीवरून हंड्याने पाणी आणायचे तेव्हा भांडी घासलेलं पाणी परसातल्या केळीला पुरायचं. नळ पूर्ण दाबाने आला की तेच पाणी दारात साठतं. घरात येणाऱ्या पाण्याची योजना झाली, जाणाऱ्या पाण्याची मागे राहिली.

मोरीतून पाणी उलटं का येतं?

पाणी उताराने जातं, हे लहान मुलालाही माहीत आहे. पण नेमका किती उतार लागतो हे माहीत असलं की फसगत टळते. मोरीच्या चार इंची पाइपाला साधारण दहा फुटांमागे दोन इंच उतार लागतो. घरापासून गटार तीस फुटांवर असेल तर पाइप वाटेत सहा इंच खाली जाणार. मोरीच्या फरशीपासून पाइपाच्या तळापर्यंत, जाळी आणि ट्रॅप धरून, आणखी नऊ इंच ते एक फूट जातो.

आता गणित करा. भर पावसात गटारातलं पाणी रस्त्याच्या पातळीच्या सहा इंच खाली असतं असं समजू. पाइपाचं तोंड त्या पाण्याच्या वर हवं. म्हणजे तीस फूट मागे, घरापाशी, पाइपाचा तळ रस्त्याच्या बरोबरीने येतो आणि मोरीची फरशी रस्त्यापेक्षा निदान एक फूट उंच लागते. गावातल्या कितीतरी जुन्या घरांची मोरी रस्त्यापेक्षा उंच असणं सोडाच, ती दोन-दोन फूट खाली आहे. तिथे पाइप जोडला तर एरवी पाणी तुंबतं, आणि मुसळधार पावसात गटारातलं पाणी त्याच पाइपाने घरात शिरतं. जोडणी नसती तर निदान दुसऱ्याचं पाणी तरी घरात आलं नसतं!

इथे एक चूक वारंवार होते. माप गटाराच्या तळाशी धरून घेतलं जातं. उन्हाळ्यात कोरडं गटार बघून ‘दोन फूट खोल आहे, जाईल पाणी’ असं म्हटलं जातं. जुलैमध्ये तेच गटार काठोकाठ भरलेलं असतं. म्हणून माप पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून धरायचं.

किनारपट्टीला त्यात भरतीची भर पडते. ज्या गटाराचं तोंड खाडीकडे किंवा समुद्राकडे आहे, त्यातलं पाणी उधाणाच्या भरतीला बाहेर पडत नाही. त्याच वेळी जोराचा पाऊस असला तर वरच्या वस्तीचं पाणी खालच्या घरांवर येतं. मुंबईनेही हाच धडा महागात घेतला. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तिथे हाजीअली, इर्ला अशा ठिकाणी मोठे पंप बसवावे लागले, कारण पाणी सोडायच्या वाटा भरतीच्या पातळीखाली होत्या. महापालिकेला ते जमलं. ग्रामपंचायतीला कायमचा पंप, त्याचं वीजबिल आणि त्याचा माणूस पोसणं सोपं नाही.

एक नळी आणि दोन माणसं

घर खाली आहे की वर, हे डोळ्याने कळत नाही. डोळा फसतो. त्यासाठी इंजिनीअरची वाट बघायचीही गरज नाही. गवंडी जोत्यासाठी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी पुरते. नळीत बुडबुडा न ठेवता पाणी भरायचं. एकाने एक टोक गटारापाशी धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक मोरीपाशी. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की ते एकाच पातळीत असतं. मग दोन्हीकडे त्या पाण्यापासून खाली टेप लावायची.

समजा, गटाराकडे नळीतल्या पाण्यापासून गटारातल्या पाण्यापर्यंत अडीच फूट भरले आणि घराकडे मोरीच्या फरशीपर्यंत तीन फूट. म्हणजे मोरी गटारातल्या पाण्यापेक्षा अर्धा फूट खाली आहे. तिथे पाइप जोडून उपयोग नाही. उलट घराकडे एकच फूट भरला, तर मोरी दीड फूट वर आहे आणि तीस फुटांपर्यंतचं काम उताराने होऊ शकतं. दहा मिनिटांचं हे काम गटाराच्या अंदाजपत्रकाआधी ओळीतल्या प्रत्येक घरापाशी झालं, तर निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत.

आधी घरच्या घरी पाणी जिरतं का?

खालच्या घराचं सांडपाणी वर चढवण्यापेक्षा ते जागेवरच जिरवणं स्वस्त पडतं. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने हे करून दाखवलं. प्रत्येक घराला शोषखड्डा दिला, उघडी गटारं ठेवलीच नाहीत. तिथला खड्डा पुढे ‘मॅजिक पिट’ म्हणून राज्यभर गाजला. त्यात जादू काही नाही. खड्ड्यात मध्यभागी सिमेंटची टाकी ठेवतात, टाकीला वरच्या बाजूला भोकं असतात आणि भोवती दगड भरलेले असतात. सांडपाणी आधी टाकीत पडतं, गाळ तळाशी बसतो, वरचं निवळलेलं पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून जमिनीत जातं. साधा शोषखड्डा चिखलाने वर्षा-दोन वर्षांत बुजतो. मॅजिक पिटमधला गाळ काढता येतो, म्हणून तो जास्त टिकतो.

पण नांदेडचा खड्डा डहाणूत जसाच्या तसा उतरवता येत नाही. नांदेडला वर्षाला सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इकडे दोन हजारांच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. जमीनही एकसारखी नाही.

पूर्वेकडच्या डोंगरी भागात मुरूम आणि खाली काळा कातळ आहे. मुरूम असेल तिथे पाणी छान जिरतं. दोन-तीन फुटांवर कातळ लागला तर खड्डा म्हणजे दगडात कोरलेली टाकीच. पाड्यातली घरं मात्र विखुरलेली असतात आणि परसात जागा असते, ही जमेची बाजू. पश्चिमेला बोर्डी, घोलवड, नरपड, चिंचणीच्या पट्ट्यात वाळू आणि पोयट्याची जमीन आहे. उन्हाळ्यात तिथे पाणी ओतलं की गडप होतं. पावसाळ्यात भूजल वर आल्यावर खड्ड्यात पाणी जायच्या ऐवजी खड्ड्यातूनच वर येतं. शिवाय अशा जमिनीत सांडपाणी विहिरीपर्यंत लवकर पोहोचतं.

त्यामुळे खड्ड्याआधी जमिनीची परीक्षा घ्यावी. तीन फूट खोल छोटा खड्डा घ्यायचा, रात्रभर त्यात पाणी मुरू द्यायचं, सकाळी पुन्हा पाणी भरून ते एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर तिथे शोषखड्ड्यावर पैसे घालू नयेत. एका इंचाला तासाहून जास्त वेळ घेणारी जमीन पाणी जिरवण्याच्या कामाचीच नाही.

आणि ही परीक्षा ऑगस्टमध्ये घ्यावी. सरकारी शोषखड्डे बहुतेक मे महिन्यात खणले जातात, कारण तेव्हा मजूर मोकळे असतात आणि जमीन कोरडी असते. मे महिन्यात प्रत्येक खड्डा पास होतो. फोटो निघतो, ऑनलाइन चढतो, काम पूर्ण. पावसाळ्यात त्याचं डबकं झालं तरी कागदावर तो शोषखड्डाच राहतो.

पागोळ्यांचं गणितही विसरून चालत नाही. घरकुलाचं छप्पर २५ चौरस मीटर धरलं आणि पाऊस दोन हजार मिलिमीटर, तर छपरावरून पावसाळ्यात ५० हजार लिटर पाणी पडतं. त्याच चार महिन्यांत घरातलं सांडपाणी २४ हजार लिटरच्या आसपास. एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात दगड भरल्यावर मोकळी जागा राहते जेमतेम ४०० लिटरची, म्हणजे दोन दिवसांच्या सांडपाण्याची. त्यात पागोळ्या सोडल्या तर कुठलाही खड्डा भरणारच. पावसाचं पाणी वेगळ्या चरीने उताराकडे काढायचं आणि खड्ड्याचं तोंड जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच बांधायचं.

जागेचे नियम साधे आहेत. पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून खड्डा निदान १५ मीटर, म्हणजे साधारण ५० फूट लांब हवा आणि विहिरीच्या खालच्या अंगाला हवा. घराच्या पायापासून सात-आठ फूट सोडावेत. खड्ड्याच्या तळाखाली पावसाळ्यातही निदान पाच-सहा फूट कोरडी जमीन असावी. ती नसेल तर खोल खड्ड्याचा नाद सोडून उथळ मार्ग धरावा. मोरीचं पाणी जाळी आणि छोट्या गाळ-टाकीतून काढून केळी, कर्दळ लावलेल्या रुंद वाफ्यात सोडावं. पाणी पसरलं की झाडं पितात, ऊन वाळवतं. पावसाळ्यात हा वाफाही कमी पडतो, म्हणून त्याला शेवटी जादा पाण्याची वाट ठेवावीच लागते.

शौचालयाचं पाणी मात्र या कशातही येऊ देऊ नये. त्याचा मार्ग वेगळा. सेप्टिक टँकचा पाइप गुपचूप गटारात सोडणं म्हणजे आपला मैला शेजाऱ्याच्या दारातून फिरवणं. जिथे भूजल वर आहे, तिथे शौचालयाचे खड्डे जमिनीवर जोतं उंच करून बांधणं हाच मार्ग उरतो.

पंप कधी लावायचा?

दाटीवाटीची वस्ती, परस नाही, जमीन पाणी पीत नाही आणि गटार वर. डहाणू शहर, तलासरी नगरपंचायत, कासा किंवा उधवा बाजारपेठेतल्या घर-दुकानांना ही अडचण येऊ शकते. तिथे पाणी उचलूनच टाकावं लागतं. ते करताना काही गोष्टी सांभाळल्या तर खर्च कमी होतो.

पहिली गोष्ट, जे पाणी उताराने जाऊ शकतं ते पंपावर आणू नका. वरच्या मजल्याची न्हाणी, उंच ओट्यावरची मोरी यांचा पाइप थेट गटाराला जातो. फक्त खालच्या मोरीचं पाणी टाकीत घ्यायचं. सगळं एकत्र केलं की पंप विनाकारण मोठा लागतो आणि तो बंद पडला की अख्खं घर अडतं.

दुसरी, टाकी दोन दिवसांच्या पाण्याची असावी. एका कुटुंबाला ५०० लिटरची पुरते. पावसाळ्यात वीज गेली तर इकडे ती कधी येईल याचा भरवसा नसतो. टाकीत पाणी चढलं की आपोआप चालू होणारा फ्लोटचा पंप, त्याच्या पाइपाला पाणी उलटं न येऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि पाइप रस्त्याच्या पातळीच्या वरून कमान घेऊन मग गटारात सोडलेला. ही कमान फार महत्त्वाची. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो उघडा राहिला तरी गटारातलं पाणी कमानीवरून चढून घरात येऊ शकत नाही.

जर्मनीत घरांच्या सांडपाण्याचे नियम याच तत्त्वावर आहेत. गटारातलं पाणी रस्त्यापर्यंत चढू शकतं असं तिथे धरूनच चालतात. त्या पातळीखाली जी मोरी किंवा संडास असेल, तिला उलट्या पाण्यापासून वाचवण्याची सोय घर बांधतानाच करावी लागते. आपल्याकडे कोणी सक्ती करत नाही, पण घरमालकाने स्वतःहून हा नियम पाळला तर नुकसान त्याचंच टळतं.

तिसरी गोष्ट जिवाची. सांडपाण्याच्या बंद टाकीत विषारी वायू साठतो. टाकीला वायुनलिका हवी, झाकण घट्ट हवं आणि पंप बाहेरून दोरीने किंवा साखळीने वर ओढता आला पाहिजे. टाकीत माणूस उतरवायचा नाही, अगदी दोन मिनिटांसाठीही नाही. गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा नसता तरी हे काम कोणालाही सांगू नये. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात.

या भागाला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात आणि दोन्ही तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. भिंतीच्या तडा दिसतात, जमिनीखालच्या दिसत नाहीत. सिमेंटने घट्ट बांधलेले पाइपाचे सांधे अशा हादऱ्यांनी सुटू शकतात आणि सांडपाणी पायाखाली मुरत राहतं. नवी जोडणी करताना रबरी रिंगचे पीव्हीसी पाइप घ्यावेत, ते थोडं हलणं सहन करतात. जुन्या चेंबरमध्ये बादलीभर पाणी ओतून ते पुढच्या चेंबरला पूर्ण पोहोचतं का, हे धक्क्यानंतर बघून घ्यावं.

गटार बांधायचंच, तर कुठे?

काही वस्त्यांना सामाईक गटाराशिवाय पर्याय नसतो. पण गटार रस्त्याच्या कडेनेच गेलं पाहिजे असा नियम नाही. घरांच्या मागे उतार असेल तर गटार मागून नेता येतं. त्यासाठी लोकांची जागा लागते, संमती लागते, चार बैठका घ्याव्या लागतात. रस्त्याकडेला सरकारी जागा तयारच असते, काम लवकर उरकतं, बिल लवकर निघतं. म्हणून गटार समोर येतं आणि पाणी मागे राहतं.

गटाराचा शेवट कुठे होतो, हाही प्रश्न आहेच. बहुतेक ठिकाणी तो ओहोळात, नाल्यात नाहीतर कोणाच्या तरी शेतात होतो. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण टप्पा दोनमध्ये सांडपाणी गावातच जिरवणं किंवा तळ्यात स्थिर करून शुद्ध करणं अपेक्षित आहे. टोकाला मोठा सामुदायिक शोषखड्डा किंवा स्थिरीकरण तळं नसेल तर गटाराने पाणी नाहीसं होत नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात जातं. आणि ते दार बहुधा सगळ्यात खालच्या वस्तीचं असतं, जिचा आवाज ग्रामसभेत कमी ऐकू येतो.

साठलेल्या सांडपाण्यात क्युलेक्स डास वाढतो. हत्तीपाय पसरवणारा तोच. डेंग्यूचा एडिस स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, त्यामुळे गटार बंद केलं म्हणून पिंप आणि टायर उघडे ठेवून चालत नाही. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो. भातलावणीला पायाला जखमा असतात, त्याच पायांनी दारातल्या डबक्यातून ये-जा होते. घरात शिरलेलं सांडपाणी बादलीने उपसून बाहेर टाकण्याचं काम तर बहुतेक बायकांच्याच वाट्याला येतं. अंदाजपत्रकात त्या मजुरीचा रकाना नसतो.

पैसा कुठून?

पैसा अजिबात नव्हता, असं म्हणता येणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा बंधित ठेवला. त्यातला निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपयांपर्यंत निकष ठेवला गेला. दीड हजार वस्तीच्या गावाला हा हिशेब ४ लाख २० हजारांवर जातो. रोजगार हमीतूनही वैयक्तिक आणि सामुदायिक शोषखड्डे घेता आले.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, म्हणून इथे आणखी एक वाट आहे. पेसा ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. पायाभूत सुविधा, आरोग्य आणि स्वच्छता हे त्याचे मान्य विषय आहेत, आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता घेता येते आणि त्याची स्वतंत्र ग्रामसभा भरते. मुख्य गावच्या सभेत पाड्याचं सांडपाणी शेवटच्या विषयात ढकललं जातं. पाड्याची स्वतःची सभा असेल तर तोच पहिला विषय होऊ शकतो.

योजनांची नावं आणि मुदती बदलत राहतात. त्यामुळे ‘अमुक योजना आली का’ असं विचारण्यापेक्षा चालू वर्षाच्या विकास आराखड्यात सांडपाण्यासाठी किती रक्कम धरली आहे, हा प्रश्न जास्त उपयोगी. हा आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाइलवरही बघता येतो.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

राज्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. रस्ता किंवा गटाराचा विषय आला की हे प्रश्न विचारून त्यांची उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत :

१. नवा रस्ता करताना जुना थर खरवडून काढणार की त्यावरच चढवणार? काम झाल्यावर रस्ता आजच्यापेक्षा किती इंच वर येणार?

२. गटाराच्या ओळीतल्या प्रत्येक घराच्या मोरीची पातळी मोजली का? गटाराच्या पाण्याखाली राहणारी घरं किती, आणि त्यांच्यासाठी काय सोय?

३. गटाराचा उतार कुठून कुठे? शेवटी पाणी कुठे जाणार, आणि तिथे शोषखड्डा किंवा तळं अंदाजपत्रकात आहे का?

४. शोषखड्ड्यांच्या जागेची परीक्षा पावसाळ्यात झाली आहे का? विहिरींपासूनचं अंतर मोजलं का?

५. नव्या घरकुलांचं जोतं आखताना पुढे रस्ता किती उंच होणार हे धरलं आहे का?

पाचवा प्रश्न सगळ्यात स्वस्त आहे. बांधलेलं घर उचलता येत नाही, पण न बांधलेल्या घराचं जोतं एक फूट वाढवता येतं, आणि त्याचा खर्च आयुष्यभर पंप चालवण्यापेक्षा नक्कीच कमी येतो. ज्यांचं घरकुल यंदा मंजूर झालं आहे, त्यांनी पायाची चर मारण्याआधीच लेव्हल नळी लावून बघावी.

ज्यांच्या घरात दरवर्षी पाणी येतं, त्यांनी पाणी आलेलं असतानाच काम करून ठेवावं. गटारातलं पाणी कुठवर चढलं ते भिंतीवर खुणेने नोंदवावं, टेप लावून तारखेसह मोबाइलवर फोटो काढावा आणि लेखी अर्जासोबत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यावी. अर्जात ‘गटार साफ करा’ एवढंच न लिहिता मोरी गटाराच्या पाण्यापेक्षा किती इंच खाली आहे, ते लिहावं. पुढच्या वेळी शाखा अभियंता माप घ्यायला येईल तो कदाचित उन्हाळ्यात येईल आणि गटार कोरडं असेल. भिंतीवरची खूण तेव्हाही तिथेच असेल.